कवेलू

लांबी छप्पन्न फूट, रुंदी चोवीस,
भिंत दोन फूट जाड, काळ्या दगडाची,
चुन्यात गूळ आणि बेलफळाचा गर.
हे मी वहीत लिहितो.
टेपचं दुसरं टोक शांतवन रामटेकेच्या हातात.
एकतीस वर्षं घंटा वाजवणाऱ्या या माणसाला
देवळाची लांबी पावलांत ठाऊक:
"दारापासून पुलपीटपर्यंत बावीस.
बाप गेला त्या दिवशी अठ्ठावीस भरली."

गाभारा नाही. मूर्ती तर नाहीच.
मधोमध उंच सागवानी पुलपीट,
त्यावर जाड पुस्तक,
आणि भिंती अशा कोऱ्या
की पालीचीही दखल घ्यावी लागते.
काचांना रंग नाही.
एप्रिलचं ऊन साधंच आत येतं,
बाकावर बसतं,
उठायचं विसरतं.

छप्पर मात्र कुणीतरी बर्फासाठी आखलेलं.
केवढा उतार!
या तालुक्यात वरून पडून पडून काय पडणार?
कडुनिंबाचा पाला, वानरं,
एकदा हरभऱ्याच्या दिवसांत गारा.
"गोऱ्या पाद्र्याले आपलं गाव आठवत असन,"
शांतवन म्हणतो, आणि शिडी धरतो.

पहिलं कवेलू उलटं केलं
आणि माप घ्यायचं राहून गेलं.
आतून चार बोटं,
ओल्या मातीवरून ओढलेली,
करंगळी जराशी वाकडी.
दुसऱ्यावरही तीच करंगळी.
तिसऱ्यावर. सत्तराव्यावर.

दाराजवळच्या शिळेवर सगळं कोरलंय:
कोणाची देणगी, कोणतं साल, कोण पाळक.
ही करंगळी त्यात नाही.
ती वर होती, फळ्यांच्या मागं,
आणि खाली माणसं डोळे मिटून
आशीर्वादाची वाट बघत.

एका कवेलूवर कुत्र्याचा पाय.
वाळत घातलेल्या मातीवरून
कुठंतरी निघाला होता घाईत.
"हे बदलू," मी म्हटलं.
"कावून? गळते का ते?"
गळत नव्हतं.
"मंग पुलपीटच्या वर लावजा.
प्रवचन लांबलं का
मले वर पाहाले काहीतरी पाहिजे."
"खालून दिसणार नाही, शांतवन. मधे फळ्या आहेत."
"मले मालूम हाय ना."

अंदाजपत्रकात आधीच लिहिलेलं:
कवेलू काढून टाकणे,
मंगलोरी बसवणे, नग नऊ हजार.
घंटेच्या दोरीखाली बसून मी 'टाकणे' खोडलं.
पेन मधेच अडलं.
उमटलं एवढंच:
काढून, पुसून, पुन्हा