वरीलप्रमाणे

माझ्या जन्माची नोंद कचेरीत झाली.
नावापुढं जात, जातीपुढं गुन्हा,
आणि गुन्ह्याच्या रकान्यात कारकुनानं लिहिलं:
वरीलप्रमाणे.

वर माझा भाऊ होता. त्याच्या वर बा, सुभाना.
त्याच्याही वर कोण होतं
ते पान फाटलेलं.

बा गिरणीत साच्यावर.
भोंग्याला जायचा, भोंग्याला यायचा.
फाटकाशी शिपाई डोकी मोजायचा,
शेरडं मोजावीत तशी.
शेरडांकडं कुणी अंगठा मागत नाही, एवढाच फरक.
रात्री परत हाजरी. मध्यरात्री परत.
झोपेतसुद्धा आम्ही जागच्या जागी असावं लागे.

एका संक्रांतीला
गड्डा भरला. नंदीध्वज निघाले.
हलग्यांचा आवाज तळ्याकडून आला
आणि तारेतून सरळ आत शिरला.
त्याला पास लागला नाही.

बानं अर्ज दिला.
धाकटीला पाळण्यात बसवायचंय, एक दुपार.
साहेब म्हणाला, गर्दीत तू काय करणार?
बा म्हणाला, पाळणा बघणार.
साहेब हसला. वाईट नव्हता म्हणतात,
नाताळला आम्हाला गूळ वाटायचा.
अर्जावर शेरा मारला: कारण पुरेसं नाही.

त्या रात्री दोन हाजऱ्यांच्या मधे
बानं मला बॉबिनच्या टोपलीत बसवलं,
डोक्याच्या वर धरलं,
आणि गरागरा फिरला, धाप लागेपर्यंत.
सांग, वरून काय दिसतंय?
मी म्हणाले, तार.
त्यानं टोपली खाली ठेवली.

देश सुटला, त्यानंतर पाच वर्षांनी आम्ही.
तार तोडली तेव्हा पेढे वाटले.
आई यल्लवानं आठ हात तार उचलून आणली,
परसात बांधली धुण्यासाठी.
काटे दगडानं ठेचले, सगळे ठेचले गेले नाहीत.
आमच्या वस्तीत तेव्हा
प्रत्येक लुगड्याला एकाच मापाची फाट.

परवा नातवाच्या पासपोर्टासाठी पोलीस आला.
पोरगं बावीस वर्षांचं, दुबईला जायचंय,
एसीचं काम शिकलंय.
पोलीस फॉर्म वाचत होता. पत्त्यावर थांबला.
सेटलमेंट? म्हणाला,
आणि पेनाला टोपण लावलं.
मी चहा टाकला. साखर जरा जास्तच पडली.

तार अजून परसात आहे, गंजून लाल.
नातवाचा नवा शर्ट वाळत घालते तिच्यावर.
कुठं कुठं काटा आहे, हाताला पाठ आहे.
चिमटे तेवढे बाजूला लावते.