उजवीकडचा कप

एस्पेरांसबायने सायकल भिंतीला टेकवली.
"हिचें वय कितें? आनी ही खंयची?"
सांग्यात नवा माणूस दिसला तरी हेच दोन प्रश्न,
फक्त क्रम उलटा.

घरात सांगतात म्हणे,
सासरा बार्नाबे लोरेन्सु मार्किशहून आला
बावन्न साली, बोटीने,
आणि ही त्याच्या खांद्यावर.

मी ती उलटी केली.
पॉलिश पेपरखाली निळा गेला, मग हिरवा,
मग पुन्हा निळा, आधीचा, जास्त खोल.
त्याखाली सहा आकडे.
चौथा तीन की आठ, डोळ्याला कळेना.
नखाने वाचला. तीन.

पण आकडा कुणाला विचारायचा?
कारखाना कुठला, तेच माहीत नाही.
म्हणून पाना लावला उजवीकडच्या कपाला.
बरणीचं झाकण ज्या बाजूने उघडतं
त्या बाजूने हा आवळतच गेला.
रॉकेल, हातोडीची एक थाप, मग उलटा पीळ,
आणि सुटला.
उलटे आटे. म्हणजे इंग्रज.

तसं मागच्या हबवर फ्रेंच अक्षरं आहेत,
हँडल मेंढ्याच्या शिंगांचं, इटलीचं,
आणि खोगीर मडगावच्या कुणा चांभाराने
दोनदा शिवलेलं, दुसऱ्यांदा घाईत.
गिअरच्या पाठीवर दोनच अंक: सहा, नऊ.

पार्ट मागाहून बसवता येतो, हे मला ठाऊक आहे.
तरी म्हटलं, "बावन्नची नव्हे, बाय.
साठाच्या पुढची असणार."
ती हसली नाही. रागावलीही नाही.
"बार्नाबे फट मारतालोच," म्हणाली.

शेवटी खोगिराचा खांब उपसला.
गंजाखाली कानशीने मारलेल्या तीन रेघा.
खांबावरची हिशोबाची रीत उफराटी:
जी रेघ सगळ्यात वर
तो माणूस सगळ्यात बुटका.
खालच्या दोन बुजत आलेल्या.
वरची मात्र लखलखीत,
रोज घासल्यासारखी.

मी मान वर केली.
एस्पेरांसबाय माझ्या खांद्याला लागते जेमतेम.

"रिवणचें इस्कोल," ती म्हणाली, "सात वर्सां.
उजाडचे आदीं. घोवाची कलसांव घालून.
मागीर दारांत येतकच खोगीर परतें वयर,
कोणाक कळूंक न्हय म्हूण."

टॅगवर मी 'इंग्लंड' लिहिलं होतं.
पुढे काय लिहावं सुचेना, तसंच ठेवलं.
खांब वरच्या रेघेपर्यंत आत दाबला, बोल्ट आवळला.
तिने खोगीर कमरेला लावून बघितलं,
न बसता,
आणि म्हणाली, आणखी अर्धं बोट खाली.