फ्लास्क क्रमांक सात

वेताळ टेकडीच्या मागच्या उतारावर
कुत्र्यानं उकरलेल्या खड्ड्यातली चमचाभर माती.
तिच्यातून हा निघाला.
प्लेटवर खडूसारखा पांढरा, कोरडा,
सुईनं टोचला तरी जागचा न हलणारा.
अजून बारसं नाही झालेलं.

द्रवात सोडला की त्याच्या दोन तऱ्हा.
एक तर धागा-धागा सुटा होतो,
अख्खा फ्लास्क ताकासारखा दाट;
नाहीतर स्वतःभोवती गुरफटत
भिजल्या साबुदाण्यासारखे गोळे होऊन तळाशी बसतो,
वरचं पाणी नितळ,
जसं काही घडलंच नाही.

मला ताक हवं होतं.
तांबोळींनी स्कूटरच्या जुन्या क्लचवायरच्या
स्प्रिंगा वळून दिल्या, फ्लास्कागणिक एक.
मिनिटाला दोनशे वीस फेऱ्या.
खोलीभर नुसती किणकिण,
पाषाण रस्त्यावरची पीएमटीसुद्धा ऐकू येईना.
गोळा धरायला कुणाला उसंतच नाही.
सातव्याला वायर पुरली नाही.
असू दे म्हटलं, कोपऱ्यात ठेवा.

गुरुवारी दहाला लाइट गेली, ठरल्याप्रमाणे.
जनरेटरवाला डिझेल आणायला गेला तो औंधातच रमला.
मी सहा फ्लास्क आळीपाळीनं हातात घेऊन
घुमवत बसले, मनगटं भरून येईपर्यंत.
सातव्याला तिसरा हात कुठून आणू?
तो तसाच. तीन तास. स्वस्थ.

चौथ्या दिवशी गाळलं, वाळवलं, वजन केलं.
काय वाढला होता म्हणून सांगू!
आईला फोन केला, तिला काही कळलं नाही,
तरी ती म्हणाली, छान.

मग प्लेटा पाहिल्या.
स्टॅफच्या पिवळ्या सतरंजीवर माझ्या ताकाचे सहा थेंब
आणि थेंबांच्या काठाला खेटून
निवांत वाढलेले ते.
कुणी मिलिमीटरभरही मागं सरकलेलं नव्हतं.

सातव्याभोवती मात्र मोकळं मैदान.
एकोणीस मिलिमीटर. दोनदा मोजलं,
पट्टी बदलून तिसऱ्यांदा.

गोळा कापून भिंगाखाली धरला:
बाहेरचे खाऊनपिऊन तरतरीत,
आतल्यांपर्यंत हवा पोचलेली नाही,
आणि अगदी मध्ये रिकामे, मेलेले, नुसते सांगाडे.
त्या मधल्या उपाशी पट्ट्यातच कुठंतरी
हे औषध गाळलं जात असावं.
ताकातल्यांना पोटभर मिळत होतं,
त्यांना कशाला हवीत भांडणं?

हे सगळं मी दाबके मॅडमना एका दमात सांगितलं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"स्प्रिंग नव्हती म्हणून, की गुरुवार होता म्हणून?"
मी गप्प.
"मग रिपीट करा. तीनदा."

तांबोळी नवी वायर घेऊन दारात उभे.
त्यांना म्हटलं, राहू द्या हो,
या गुरुवारी लाइट नाही गेली
तर दहाला तुम्हीच येऊन
तेवढं बटण बंद करा.