जर, तर, नाहीतर

मार्कंडेयाच्या अलीकडे, रताळ्याच्या शिवाराला लागून
आमची मराठी शाळा. सहावीत एकतीस पोरं, एक लॅपटॉप,
त्याचं लांबडं बटण पेनाच्या टोपणानं दाबायचं.
तीनला वीज जाते. त्याआधी गणित.

आधी चिंचोके.
एकाला कुंकू लावून पिशवीत टाकला.
ज्याच्या हाती तो लाल येईल
त्यानं दोघांना शिवायचं, गुपचूप, नव्या दोघांना,
त्या दोघांनी आणखी दोघादोघांना.
एक, दोन, चार, आठ, सोळा.
फळ्यावर बेरीज केली, एकतीस.
हजेरीपट संपला.
शेवटचे सोळा हात पुढे करून उभे,
शिवायला माणूसच उरलेला नाही.
मग सगळे दासोहाच्या खोलीकडे पळाले.
मल्लव्वा भातवाढी उगारून ओरडली,
"साकु रे, बिडु!"
तिलाही मोजलं. बत्तीस.

दुसऱ्या दिवशी भरमू आला नाही, रताळी काढायला गेलेला.
कालच्या झाडात पहिल्या दोघांतला एक तोच होता.
त्याच्या नावावर खडूनं काट मारली
आणि त्याच्याखालची सगळी फांदी पुसली.
तो धरून पंधरा.
गैरहजेरीचं एवढं कौतुक
त्या वर्गात कधी झालं नव्हतं.

मग पडदा. प्रत्येकाचं एक टिंब.
ठोकळ्यांत लिहिलं,
जर टिंब लाल टिंबाला लागलं
तर लाल हो,
नाहीतर चालत राहा.
व्याकरणात जे तीन शब्द पाठ होत नव्हते
ते पोरं आता झोपेत बडबडतात म्हणे.

पडद्याच्या कडेला आपटून टिंब माघारी फिरतं.
भरमूला हे पटेना.
"बाई, चंदगडच्या अंगाला असं कुठं होतंय ओ?
तिकडं आमचा मामा हाय.
एसटीत बसलं की झालं."
कड काढून टाकली.
टिंबं बाहेर गेली, परत आली,
कुठल्या पाटीवर कुठली लिपी
हे एकानंही थांबून वाचलं नाही.

पहिलं लाल कोण, ते यंत्र ठरवतं,
चिठ्ठी काढल्यासारखं, कुणीही.

इथं सानिका हुंदरे पुढे आली.
एरवी मागच्या बाकावर, भिंतीकडची.
टोपण घेतलं आणि सुरू केलं.
संपलं की परत. परत.
वहीच्या मागच्या पानावर नावं, नावांपुढे रेघा.
बाकीचे जेवायला गेले.
चाळीस वेळा.
तिचं टिंब पहिलं आलं एकदा.
माझं दोनदा.
भरमूचं एकदाही नाही, त्याला वाईट वाटलं.

"पहिलं कोणबी असू दे बाई,
शेवटाला पडदा तेवढाच लाल होतंय की."

तिचे वडील त्या वर्षी मडगावहून
भाजीच्या टेंपोत, रात्रीचे आले होते.
ती तेव्हा पहिलीत.
सकाळी हुंदऱ्यांच्या दाराला बाभळीच्या फांद्या.
ताप गावात आठवडाभर आधीच फिरत होता,
तरी अजून पारावर म्हणतात,
हुंदऱ्यांनी आणला.

मी म्हणाले, बरोबर.
पुढचं मला म्हणता आलं नाही.
फांद्या तोडायला कोयता
आमच्या परड्यातून गेला होता.
कशाला हवाय ते मी विचारलं नव्हतं.
जर विचारलं असतं, तर.
या ओळीखाली कुठला ठोकळा लावायचा
मला अजून सुचलेलं नाही.

तीनला वीज गेली.
बॅटरीवर टिंबं चालतच होती.
सानिकानं एक नवी ओळ घातली,
जर हात धुतले,
आणि अडली.
"बाई, नळाला पाणीच नसलं तर?"
बाहेर मल्लव्वा रिकामी बादली आपटत होती.
मी म्हटलं, तेही लिही.