वजा

आमच्या वडगावात वजा म्हणजे वाईट.
डाग पडलेल्या साडीचे पैसे
मागवाला दर शनिवारी वजा करतो.
लग्न झाल्यावर कळलं,
यांच्या खेळात वजा असलेला माणूस वर असतो.
अजूनही कांड्या भरता भरता मोबाईलवर आकडा उघडला
की आधी छातीत धस्स होतं,
मग आठवतं: वजा तीन. म्हणजे बरंय.

गंगव्वा भिंतीवरून विचारते, 'एष्टात री?'
मी सांगते, 'मूरु कम्मी.'
ती म्हणते, 'अय्यो पाप.'
समजावायचं मी केव्हाच सोडलं.

बाराव्या वर्षापासून कॅम्पातल्या मैदानावर
साहेब लोकांच्या पिशव्या वाहिल्या यांनी.
बदली झालेल्या एका कर्नलने जाताना सात काठ्या दिल्या.
उरलेल्या सात जमवायला नऊ वर्षं गेली,
त्यातली एक माझ्या पाटलीची आहे.
कुठली ते मी विचारलेलं नाही.
चुकून तिनेच पाण्यात मारला तर?

यंदा अकरा गावं.
मागाच्या हिशेबाची वही उलटी करून
मागच्या पानापासून मी लिहायला लागले:
प्रवेश फी. स्लीपर, वेटिंग चौदा.
कोइमतूर, एका खोलीत चौघं,
त्यातला एक रात्रभर घोरला
आणि रविवारी तोच जिंकला.
अहमदाबाद, एकावन्नावे, अकरा हजार दोनशे, कर कापून.
चेंडू, तीन. (जुने, तळ्यातून काढलेले.)
भाकऱ्या दोन दिवस टिकल्या, तिसऱ्या दिवशी वडापाव.
चंदीगड, काही नाही.
डिगबोई, काही नाही, आणि ताप.

शुक्रवारी संध्याकाळी कट लागतो.
निम्मे राहतात, निम्मे पिशवी भरतात.
मागावर धागा तुटला तर मी गाठ मारते,
कापडात ती बोटाला लागते, डोळ्याला दिसत नाही.
तिकडे गाठ मारत नाहीत.
फोन येतो, 'येऊलोय मी.'
एवढंच. मी भात जास्तीचा लावते.

एका गावी पुकारणाऱ्याने मुचंडीचं मुचंदानी केलं.
'फ्रॉम?' 'बेळगाव.'
'म्हणजे महाराष्ट्र की कर्नाटक?'
हे म्हणाले, 'पिन कोड सांगू काय?'
लोक हसले. पहिलाच फटका झाडात गेला.

शेवटचं म्हैसूर.
साठाच्या आत आलं तर पुढच्या वर्षाचं कार्ड,
नाही तर परत चाचणी, परत फी.
हे त्या दिवशी अठ्ठावन्नावे होते
आणि सोळाव्या होलवर चेंडू उजवीकडे गेला,
पांढऱ्या खुंट्या मारलेल्या असतात तिथवर.
खुंटीच्या पलीकडे गेला की तो चेंडू मेला.

पंच आला. या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत दोरी ताणली,
आणि पोटावर आडवा झाला, एवढा इस्त्रीचा माणूस.
हे सांगत होते, ताटावर हात तसाच राहिला होता,
'अख्खा बाहेर गेला तरच बाहेर, असा नियम आहे.
जरासा जरी रेषेला चिकटून असला
तर तो आतलाच.'
'मग?'
'आत होता.'
'किती?'
यांनी भाताचं एक शीत बोटावर उचलून दाखवलं.

मी पुढचं विचारलं नाही, मोबाईलवर मला दिसलं होतं.
आतला चेंडू, पण पुढे झाड.
पाचाच्या जागी सात.
त्रेसष्टावे.

पहाटे माग सुरू व्हायच्या आधी आवाज आला.
हे खोलीच्या त्या टोकाला आडवा तांब्या ठेवून
फरशीवरून चेंडू ढकलत होते.
ठण्.
मग बराच वेळ काही नाही.
मग ठण्.
चाळीस फुटांच्या मागघरात
वाकडी फरशी कुठे उतरते, यांना पाठ आहे.

मी वही घेतली.
मागचं पान संपलं होतं, पुढून साड्या आल्या होत्या,
मध्ये दीड पान कोरं.
तिथे लिहिलं: चाचणी फी.
आकडा घातला.
त्याच्या आधी वजाची रेघ काढली
आणि थोडा वेळ पेन तसंच धरून बसले,
ही कुणाची रेघ म्हणायची, मागवाल्याची
की यांची.