वडगावात लाईट गेली

मागात बोलायचं म्हणजे ओरडायचंच.
सोळा मागांची खडखड, वर पत्र्याचं छप्पर,
बाहेर उलटा येणारा टेम्पो पिपाणी वाजवतोय,
कुठं कुकर, कुठं भोंगा लावून भंगारवाला.
इराण्णाच्या कानाशी तोंड नेऊन
मी भाव सांगत होतो,
छातीतली होती नव्हती ती हवा लावून:
"ह्या दरात मला परवडत नाही..."

आणि लाईट गेली.

'परवडत नाही' एकटंच राहिलं.
गल्लीभर फिरून आलं.
समोरच्या ओट्यावर कांड्या भरणारी शेवंताक्का
मान वर करून बघायला लागली,
तिलाच कुणी म्हणाल्यागत.

धोटा ताण्यात अर्ध्या वाटेवर.
लुगड्याच्या हिरव्या काठाला एक दोरा कमी.
मग एकेक ऐकू यायला लागलं,
सकाळपासून तिथं असणारच ते:
पत्र्यावर कबुतराची नखं,
मागच्या रांजणात नळाचा थेंब,
इराण्णाचा श्वास,
आत जाताना जरा घासून जाणारा.
वीस वर्षांचा आमचा व्यवहार.
हा माणूस असा श्वास घेतो
हे मला ठाऊक नव्हतं.

मागाच्या खांबाला बांधलेल्या झोळीत
त्याची नात झोपली होती,
एवढ्या गोंगाटात गाढ.
ती शांततेनं दचकली
आणि भोकाड पसरलं तिनं.

आतून सून धावली: "सुम्मनिरु, सुम्मनिरु."
ओट्यावरून शेवंताक्का: "उगी गं बाय, उगी."

चाळीस वर्षं मी दोन्ही बोलतो,
हिशेब एकीत, शिव्या दुसरीत,
आणि हे आत्ता ध्यानात यावं?
त्यांचं सुम्मने म्हणजे गप्प,
सुम्मने म्हणजे विनाकारणही.
आपलं उगी म्हणजे गप्प,
आणि उगाच...
कारण नसतानाही गप्प बसता येतं
हे दोघींना कधीचं माहीत,
पाट्यांवरून भांडण लागायच्या आधीपासून.

मी स्टुलावर टेकलो.
इराण्णा बोलेना, मीही बोलेना.
मघाचं वाक्य हळू आवाजात
मनातल्या मनात म्हणून बघितलं.
बसेना कुठं.
ओरडून सांगता येणारा भाव
बारीक आवाजात सांगायचा
तर तोंड दुसरं लागतं.

सात मिनिटं असतील. आठ.
पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हात
सुताचा भुगा खाली यायचं नाव घेईना.

मग मोटारी गुरगुरल्या,
पोरांनी मुठी ओढल्या,
सोळाच्या सोळा माग तुटून पडले.
झोळीतलं रडणं कधी थांबलं
ते कळलंच नाही.

इराण्णानं कान पुढं केला:
"काय म्हणलासा मघाशी?"

"सुम्मने!" मी ओरडलो.

ऐकू गेलं की नाही कोण जाणे.
तो मानेनं हो म्हणाला
आणि काठाला कमी पडलेला दोरा
शोधायला वाकला.