मंगळवारचं पाणी

सतव्यात गजरा मिळाला, फ्रीजमधला, कडक.
सुटे परत देताना केरळी दुकानदार म्हणाला, लग्न?
म्हटलं, झालं. अकरा वर्षं झाली.

तीस दिवसांचा व्हिसा, आजचा एकोणिसावा.
मेट्रोत मी गुलाबी रेघेच्या अलीकडे, हे पलीकडे.
स्टेशन यायच्या आधी हे भुवया उडवायचे,
एवढीच आमची बोलणी.

मग तो चौक, आणि चौकात ते दोघं,
दोन पुरुष उंचीचे.
तो पांढऱ्या दगडाचा, ती काळ्या.
नाक नाही, डोळे नाहीत, नुसते झगे,
आणि जिथे हात असावेत तिथे एकच घडी,
कुणाची कुठे संपते कळत नाही.
पितळी पाटी यांनी वाचून दाखवली:
प्रेम, विवाह.
खाली तेच अरबीत, उजवीकडून.

रात्रीचे नऊ, आणि दगड अजून
शेवटची भाकरी उतरवल्यावरच्या तव्याइतका गरम.

हे म्हणाले, तिच्या पाठीमागे जा.
तिसऱ्या चुणीत टवका उडालाय बघ.
मी वळसा घालून गेले.
होता. नखाएवढा.
तुम्हाला हो कसं माहीत?

हे बूट बघत राहिले.
मग म्हणाले, दोन वर्षं. दर मंगळवारी, रात्री दोन ते चार.
शिडी, पाइप, मऊ ब्रश.
साबण चालत नाही या दगडाला.
चुण्यांत वाळू बसते ना, ती काढायची.

मंगळवार.
म्हणजे दाभोळात पहाटेचे साडेतीन,
कोंबडंसुद्धा झोपलेलं,
आणि यांच्या फोनमध्ये मागे पाणी, सारखं पाणी.
मी विचारायची, पाऊस का हो तिकडे?
हे म्हणायचे, हो, चांगलाच लागलाय.
सकाळी मी सासूबाईंना सांगायची,
सासूबाई विहिरीवर:
आमच्या सदानंदाकडे दर मंगळवारी पडतो,
आणि म्हणे वाळवंट!
कुणी हसलं नाही. ऑफिसातला मुलगा,
एसीत बसणारा, तो कशाला खोटं सांगेल.

राग यायला हवा होता मला.
आला तोही भलतीकडेच गेला,
या काळ्या बाईवर.
एकशे चार मंगळवार.
मी तर सुट्ट्या मोजून, पहिल्या वर्षाचे सतरा दिवस धरून,
अजून दोनशे साठाच्या आतच आहे,
त्यातले निम्मे पाहुण्यांत गेले.
हिची पाठ यांना पाठ आहे.
माझी?

गार्ड नेपाळी. यांना ओळखून हसला,
फोन मागितला, जवळ या म्हणाला.
आम्ही दोन पावलं सरकलो.
अजून, म्हणाला.
आम्ही अजून एक.
फोटोत मागचे दोघं गुडघ्यापर्यंतच आलेत
आणि आमच्यामध्ये एक पिशवी, भाजीची.

निघताना यांनी सहज,
खरंच सहज, सवयीनं,
अंगठा फिरवला तिच्या झग्याच्या कडेवरून,
अंगठ्यावरची वाळू बघितली,
पँटीला पुसली.

वारा होता. माझ्याही मानेवर वाळू बसली होती,
घामाला चिकटलेली.
मी सांगितलं नाही.
वेणी तेवढी पुढे घेतली,
गजऱ्यासकट,
आणि चालायची थांबले.